मावशीला ऊन दाखवलं

२ मार्च, रविवार

मी आजवर कधी दैनंदिनी लिहिली नाही. लेन्सच्या चाचण्या वहीत टिपून ठेवतो, तेवढंच माझं साहित्य. पण काल वाचनालयाच्या बाई स्टुडिओत आल्या आणि वरच्या मजल्यावरचा हॉल मला द्यायचं ठरलंय म्हणाल्या. माझ्या फोटोंचं प्रदर्शन. तीस फोटो, सव्वीस एप्रिलपासून आठ दिवस. पस्तीस वर्षं लोकांचे चेहरे उजळतोय, आता कुठे कुणाला तरी त्यात काहीतरी दिसलं. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी हव्यात, कोणत्या लेन्सने काढला आणि तीच का निवडली. म्हणून ही वही घेतली. चाचण्याही यात लिहीन आणि मनात येईल तेही.

लेन्स चौदा आहेत, पण जीव तिघींवर. त्यातली सगळ्यात नवी सासूबाई. तिला सगळं दिसतं आणि ती काही पोटात ठेवत नाही. नाकावरचा डाग, दाढीचा राहून गेलेला खुंट, सगळं कागदावर येतं. (ही, म्हणजे माझी बायको, म्हणते, माझ्या खऱ्या सासूबाई इतक्या कडक नव्हत्या, उगाच त्यांचं नाव खराब करता.) दुसरी भिंगरी. ती मागची झाडं गरागरा फिरवते आणि माणूस मधोमध स्वस्थ बसलेला दिसतो. आणि तिसरी मावशी, ही मला फोटो काढायला शिकवणाऱ्या मास्तरांची. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि म्हणाले, माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना, ती ही. पापणी नीट दाखवते, पण कानापर्यंत पोचेस्तोवर सगळं मऊ करून टाकते. शिवाय तिच्या काचेचा असा स्वभाव की वय झालं की ती पिवळी पडते, पाण्यात चहाचे दोन थेंब पडावेत तशी. त्यामुळे तिच्यातून काढलेली माणसं सकाळच्या उन्हात बसल्यासारखी दिसतात. या गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो मावशीने जमवलेत.

घरात रिवाज असा की लेन्स नवी येवो, जुनी येवो, दुरुस्त होऊन येवो, पहिला फोटो हिचा. उत्तरेची खिडकी, लाकडी स्टूल, मागे पांढरी भिंत. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेहतीस वर्षं ही त्याच स्टुलावर बसते आहे. नवरा आपल्याकडे बघतो की काचेकडे, हे अजून कळलं नाही, असं ती येईल त्याला सांगते.

तिसावा फोटो हिचाच लावणार, मावशीने काढलेला, आणि नवा. आज पहिली चाचणी झाली. बसता बसता म्हणाली, पाठ दुखतेय, लवकर आटपा.

६ मार्च, गुरुवार

गावात फिल्म धुणारा आता एकच लॅबवाला उरलाय, तोही फक्त बुधवारी केमिकल गरम करतो. प्रिंट गुरुवारी मिळतात. त्या आणायचं काम वर्षानुवर्षं हिचं, बाजार तिकडेच असल्यामुळे.

आजची प्रिंट बघून मी हिरमुसलो. मावशी फारच पिवळी पडलीय. ऊब वेगळी आणि हे वेगळं. डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा जुन्या कागदासारखा आलाय. मी तसं म्हटल्यावर ही चहा गाळता गाळता म्हणाली, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, आधी स्वतःचे डोळे तपासा. मग हात पुसून प्रिंट घेतली आणि भिंगाखाली धरली.

हिचा डोळा माझ्याहून तयार. स्टुडिओचं रिटचिंग इतकी वर्षं हिनेच केलं. तीन नंबरचा ब्रश, रंगाच्या सात बाटल्या. कुणाच्या कपाळावरची आठी, कुणाच्या गालावरचा व्रण, कुणाचा रडून सुजलेला डोळा, हिने सगळ्यांना बरं करून घरी पाठवलं. हिचं एक वाक्य ठरलेलं, रिटचिंग कळलं तर ते रिटचिंग नव्हे.

आज बराच वेळ बघत बसली. चहा निवला. मग म्हणाली, "लेन्सला ऊन दाखवा."

बरोबरच आहे. या काचेला तोच उपाय. काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो. मला सुचायला हवं होतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत.

८ मार्च, शनिवार

दक्षिणेच्या खिडकीत मावशीची गादी मांडली. खाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद, झाकणं काढलेली. दर तासाला उन्हाप्रमाणे फिरवायची. तिला एका जागी सोडून चालत नाही, लेन्सच ती, ऊन गोळा करून पडदा जाळेल. घड्याळाला गजर लावलाय. ही म्हणाली, माझं बाळंतपणसुद्धा तुम्ही इतक्या काळजीने केलं नव्हतं. खरं आहे, तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नात फोटो काढत होतो.

११ मार्च, मंगळवार

ही सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून गेली ती चारला आली. कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी. विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीच्या मांजरीने ओरबाडलं. मांजरीसुद्धा माणसं बघून ओरबाडतात. मी सतरा फोटो निवडले, बारा राहिले.

१६ मार्च, रविवार

आठ दिवसांचं ऊन झालं म्हणून चाचणी केली. व्ह्यूफाइंडरमधून ही अजून पिवळीच दिसते. खट्टू झालो.

२० मार्च, गुरुवार

जिंकलो. प्रिंट आली आणि डोळे स्वच्छ. अगदी दुधासारखे नाहीत, पण गेल्या वेळेपेक्षा कितीतरी उजळ. ऊन लागू पडलं. मी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवून हिला दाखवल्या. ही म्हणाली, "हो, फरक आहे."

एक कोडं आहे. व्ह्यूफाइंडरमधून पिवळं दिसत होतं आणि कागदावर तितकं नाही. विश्वास कशावर ठेवायचा? मास्तर म्हणायचे, डोळा सवयीचा गुलाम आहे, तो खोटं बोलतो. कागद बोलत नाही. मी जन्मभर कागदावर विश्वास ठेवला आणि पोट भरलं. तेव्हा कागदच खरा.

२५ मार्च, मंगळवार

स्वयंपाकघरातली ट्यूब काढून हिने पिवळा बल्ब लावून घेतला. मग बैठकीतही लावला. पांढऱ्या उजेडाचा डोळ्यांना त्रास होतो म्हणे. बाहेर जाताना गॉगलही लावते. मी चिडवलं की आता तुला सिनेमात घेतील. घर मावशीतून बघितल्यासारखं दिसतं. मला आवडलं.

उन्हाळा सुरू झालाय, हिच्या अंगाला खाज सुटते. रात्री हात खाजवल्याचा आवाज येतो. लोशन आणून दिलं.

२९ मार्च, शनिवार

लेकीचा फोन. ती लांबच्या शहरात नोकरीला. म्हणाली, बाबा, आईचा आवाज बारीक झालाय. मी म्हटलं, आवाज नाही, आईच बारीक झालीय. दोन घास कमी खाते, बांगडी कोपरापर्यंत जाते, नवरीसारखी दिसायला लागलीय. तिला माझं बोलणं आवडलेलं दिसलं नाही. आईला फोन द्या म्हणाली. ही फोन घेऊन गच्चीत गेली आणि दार लोटून घेतलं. मायलेकींचं काय ते त्यांचं त्यांना माहीत.

३० मार्च, रविवार

मावशीची तिसरी चाचणी. उत्साहाच्या भरात म्हटलं, सासूबाईने पण एक काढू, तुलना होईल. ही स्टुलावरून उठलीच. "तिच्यासमोर मी बसणार नाही," म्हणाली. इतक्या वर्षांत लेन्सला कधी नाही म्हणाली नव्हती. बायकांचं वय झालं की असं होत असावं. मी आग्रह सोडला.

३ एप्रिल, गुरुवार

प्रिंट आणखी सुंदर. डोळे निर्मळ, गालांवर थोडी लाली. मास्तर असते तर पाठ थोपटली असती. लेन्सखाली पांढरा कागद ठेवून बघितला, कागद पांढराच दिसला. म्हणजे मावशी पूर्ण बरी झाली. थोडं वाईटही वाटलं. तिची ती चहासारखी ऊब गेली, ती गेलीच.

पण मग व्ह्यूफाइंडरमध्ये ही पिवळी का दिसते? लेन्स स्वच्छ, प्रिंट स्वच्छ. उरलो मी. उद्या डोळे तपासून घेतो.

४ एप्रिल, शुक्रवार

चष्मेवाला म्हणाला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, नगण्य. कोडं सुटलं. हिला सांगितलं तर माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम डोळे पुसायला लागली. मी म्हटलं, अगं, साधा मोतीबिंदू, सगळ्यांना होतो. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. माझ्यासाठी इतकं रडणारं माणूस घरात आहे याचा मला अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

१३ एप्रिल, रविवार

आज शेवटचा फोटो काढला. याचीच मोठी प्रिंट हॉलमध्ये लागणार. ही नीट बसू शकत नव्हती, पाठीमागे उशी दिली. म्हटलं, थकलीस? म्हणाली, "तेहतीस वर्षं बसलेय, थकणारच." आम्ही दोघं हसलो. चांगला क्षण मिळाला.

१७ एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो. नाहीतर मला स्वतःलाच पुढे खरं वाटणार नाही.

सकाळी हिला उठवेना. म्हणाली, प्रिंट मी संध्याकाळी आणते, तुम्ही जाऊ नका. मी म्हटलं, मोठी प्रिंट आहे, तुला पेलायची नाही, आणि गेलो. लॅबवाला मला बघून दचकला. वहिनी नाही आल्या? प्रिंट आत आहे, वाळतेय, उद्या या. मी आत जाऊन स्वतः घेतली.

पिवळी. डोळे पिवळे, कपाळ पिवळं, ओठांच्या कडा पिवळ्या. पहिल्या दिवसाहून कितीतरी जास्त. मी त्याच्यावर ओरडलो. केमिकल शिळं आहे, तुझं लक्ष नाही, नऊ दिवसांवर प्रदर्शन आलंय, माझ्या पस्तीस वर्षांची माती केलीस. तो ऐकून घेत होता. तीस वर्षांची ओळख आहे आमची, उलट उत्तर देणारा माणूस तो. मग त्याने प्रिंट माझ्या हातातून घेतली आणि दारातल्या उजेडात धरली.

"भिंत बघ," तो म्हणाला. "भिंत पांढरी आहे. उशीचा अभ्रा पांढरा आहे. केमिकल बिघडलं असतं तर भिंत पण पिवळी आली असती."

मी भिंत बघितली. ती पांढरी होती.

"लेन्स पिवळी असती तरी भिंत पिवळी आली असती," तो म्हणाला. "मी आणखी काय बोलू? मला शपथ घातलीय. तू घरी जा."

घरी आलो. ही झोपली होती. कपाटातून आधीच्या प्रिंट काढल्या, वीस मार्चची आणि तीन एप्रिलची. खिडकीशी नेऊन तिरक्या धरल्या. सरळ धरल्या तर मलाही काही दिसलं नसतं. तिरक्या उजेडात डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर कागदाचा पोत बदललेला दिसला. पांढऱ्यात निळ्याचा कण मिसळून पातळ हात दिलेला. गालांवर गुलाबी. कागद खोटं बोलत नाही म्हणणारा मी, आणि ज्या बाईने सगळ्या गावाच्या कागदांना खोटं बोलायला शिकवलं ती माझ्या शेजारी झोपते.

पाठीमागून आवाज आला. "कळलं?"

"कळलं."

"मग हात गेला माझा," ही म्हणाली.

मी खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि हिच्याकडे बघितलं. मध्ये काच नव्हती.

१८ एप्रिल, शुक्रवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांच्याकडे हिची जाडजूड फाईल आधीच होती. अकरा मार्चपासूनची. मांजर वगैरे कुठेही नव्हती.

स्वादुपिंडात गाठ आहे. पित्ताची वाट तिने अडवली, म्हणून अंग पिवळं. डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाले, पहिल्या दिवशी आल्या तेव्हाच ऑपरेशनच्या पलीकडे गेलेलं होतं. आत नळी बसवली तर पिवळेपणा आणि खाज कमी होईल, आयुष्य फारसं वाढणार नाही. नळी मार्चमध्येच बसवायला सांगितली होती, पण यांनी अठ्ठावीस एप्रिलची तारीख मागून घेतली.

सव्वीसचं प्रदर्शन, अठ्ठावीसची नळी. ते दोन आकडे माझ्यासमोर टेबलावर होते आणि ही पर्समधून रुमाल शोधत होती.

परत येताना मी हिच्याशी एक शब्द बोललो नाही. दुःख होतं, पण त्याहून राग जास्त होता. मला आंधळा ठरवलं, मोतीबिंदू झालाय म्हणून फिरू दिलं. संध्याकाळपर्यंत अबोला धरला. मोजून जे दिवस उरलेत त्यातली एक संध्याकाळ मी अशी घालवली. मी मूर्ख आहे.

१९ एप्रिल, शनिवार

लेक आली. तिला गच्चीतल्या फोनपासून माहीत होतं. तिलाही शपथ. सगळ्या जगाला शपथा घालून ही माझ्या लेन्सला ऊन दाखवत होती.

बसलो तिघं. मी विचारलं, का केलंस? मला वाटलं होतं काहीतरी मोठं सांगेल. म्हणाली, त्या पहिल्या प्रिंटमध्ये तुम्हाला लेन्स दिसली आणि मला डोळे दिसले. तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही खिडकीत कागद मांडत होतात, गजर लावत होतात, इतके खूश होतात. म्हटलं, अहवाल येईपर्यंत थांबू. अहवाल आला तेव्हा सांगून काही होणार नव्हतं.

"लेन्सला बरं करणं तुमच्या हातात होतं," ही म्हणाली. "म्हटलं तेवढं तरी करू दे यांना."

मी रडलो. लेक उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी म्हटलं, प्रदर्शन रद्द, नळी उद्याच. नळीचं हिने ऐकलं, सोमवारची वेळ मिळाली. प्रदर्शनाचं ऐकलं नाही. वाचनालयाच्या बाईंनी तीस खिळे ठोकून घेतलेत, तीस फोटो लागतील, एवढंच म्हणाली.

२० एप्रिल, रविवार

आज हिनेच मला हाक मारली. म्हणाली, उद्या नळी बसली की रंग बदलेल, आज काढा एक. तेरा तारखेचा मला आवडला नाही, त्यात मी तुमच्यापासून लपतेय.

लेकीने धरून स्टुलावर बसवलं. मी मावशी लावली. ही म्हणाली, तिची पिवळी ऊब असती तर बरं झालं असतं, मी त्यात मिसळून गेले असते. ती ऊब मीच उतरवली, तासातासाला फिरवून, तीन-चार आठवडे खपून. आज तिची खरी गरज होती आणि आज ती माझ्याकडे नव्हती.

"मग आहे तशी काढा," ही म्हणाली.

फोकस पापणीवर घेतला. तीन काढले. तिसऱ्यात ही थेट माझ्याकडे बघते आहे. लॅबवाल्याने माझ्यासाठी रविवारी केमिकल गरम केलं. पैसे विचारले तर शिवी दिली.

२४ एप्रिल, गुरुवार

नळी बसली. खाज कमी झाली, काल रात्री ही शांत झोपली. हे सुख तिला महिन्यापूर्वीच मिळालं असतं. डॉक्टर म्हणतात, स्वतःला दोष देऊ नका. त्यांचं काम आहे ते म्हणण्याचं.

तिसरा फोटो मोठा करून आणला. ही अंथरुणात बसून बघत राहिली. मग बाटल्या मागितल्या. पांढरा, निळ्याचा कण, ब्रश ओला केला, टोक ओठांवर धरून नेहमीसारखं बारीक केलं आणि डोळ्याजवळ नेलं. दोनदा नेला, दोनदा मागे घेतला. मग ब्रश माझ्यासमोर धरला. तुम्ही करा.

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांचे फोटो हिच्याकडे सोपवले. हिचा फोटो हिने पहिल्यांदा माझ्याकडे सोपवला. मी ब्रश घेतला आणि मला जमेना. एकदा या डोळ्यांतलं पिवळं पुसलं की मी पुन्हा तोच माणूस होईन ज्याला सहा आठवडे दिसलं नाही. तसं तिला सांगितलं.

"मग राहू दे," ही म्हणाली. "लोकांना वाटेल लेन्सच तशी आहे."

२६ एप्रिल, शनिवार

प्रदर्शन उघडलं. हॉल भरला. अर्ध्या लोकांच्या लग्नांचे फोटो मीच काढलेले, त्यामुळे ते भिंतीपेक्षा एकमेकांनाच जास्त बघत होते. ही दहा मिनिटं आली, खुर्चीत बसवून वर आणलेली, गॉगल न लावता. भिंगरीने काढलेल्या शाळेच्या शिपायासमोर थांबून म्हणाली, याच्या गालावरचा व्रण कुठे होता सांगा बघू. मला सांगता आलं नाही. ती खूश झाली. मग लेकीने तिला घरी नेलं.

तिसाव्या फोटोखाली मी चार वेळा ओळी लिहिल्या आणि चार वेळा फाडल्या. शेवटी लिहिलं, "मावशी. उत्तरेची खिडकी. रिटचिंग नाही."

एक तरुण जोडपं त्या फोटोसमोर बराच वेळ उभं होतं. त्या मुलीने मला विचारलं, काका, हा जो सोनेरी रंग आलाय ना, असं वाटतंय की त्यांच्या आतूनच उजेड येतोय, हा लेन्समुळे आहे का? नवऱ्याला म्हणाली, अशी लेन्स आपण शोधू.

माझ्या तोंडावर आलं होतं सगळं. पण मग हिची आठवण झाली, ब्रश माझ्या हातून परत घेताना म्हणाली होती ती.

"हो," मी म्हटलं. "लेन्सच तशी आहे."

आयुष्यात मी केलेलं हे एकच रिटचिंग. कळलं नाही कुणाला. घरी जाऊन हिला सांगितलं तर डोळे मिटूनच हसली आणि म्हणाली, शिकलात.

१२ जून, गुरुवार

मंगळवारी सकाळी ही गेली. खिडकी उघडी होती, लेकीचा हात हातात होता, मी उशी सारखी करत होतो.

आज काही लिहवत नाही.

२२ जून, रविवार

लेक महिनाभर राहणार होती, मीच तिला परवा पाठवलं. तिच्यासमोर मी एकदा सवयीने म्हटलं, मावशीला पुसून ठेवायला हवं, आणि ती खोलीतून उठून गेली. मास्तरांनी त्या म्हणीवरून लाडाने ठेवलेलं नाव आहे. आता ते मलाही टोचतं.

घरातले पिवळे बल्ब काढले. मग परत लावले.

६ जुलै, रविवार

लॅबवाला जुनी लेन्स घेऊन आला. कुणाच्या तरी अडगळीत सापडली म्हणे, बघ चालते का. खरं तर मला कामाला लावायला आला होता. ती साफ केली, आतली अडकलेली पाती सैल केली, कॅमेऱ्याला लावली आणि तोंडातून निघून गेलं, "जरा येतेस का गं, दोन मिनिटं."

घरात कुणी नव्हतं. लॅबवाला लेन्सची झाकणं गोळा करायला लागला.

मग मी ती लेन्स उतरवून मावशी लावली आणि त्याला म्हटलं, तू जा, बुधवारी रोल घेऊन येतो.

१० जुलै, गुरुवार

प्रिंट मी आणली. चाचणीची नोंद खाली करतो.

लेन्स मावशी. उत्तरेची खिडकी, सकाळचे दहा. स्टूल रिकामं. मागची भिंत पांढरी आली आहे. स्टुलाचं लाकूड जसं आहे तसं. भिंतीशी ठेवलेली उशी पांढरी. प्रिंट तिरकी धरून बघितली, कुठेही हात दिलेला नाही. पिवळेपणा अजिबात नाही.

लेन्समध्ये दोष नाही. नव्हताच.